खिडकीतली बाई काय म्हणाली

१

गल्लीत सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. दुकान काही त्याचं नव्हतं. मालकांच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून तो एकतीस वर्षं भिंगं घासत होता. पण पुढे गल्ल्यावर बसलेल्या मालकांपेक्षा, पांढरी भुकटी लागलेले हात पुसत मागून बाहेर येणारा हा माणूसच लोकांच्या लक्षात राहायचा. वय एकावन्न. लग्न केलेलं नाही. घरी सात वर्षांनी मोठी बहीण. तो तिला ताई म्हणे आणि ती त्याला धाकट्या.

ताईला ऐकू येत नसे. एकोणिसाव्या वर्षी मोठा ताप आला, आणि उतरताना तो तिचे कान घेऊन गेला. बोलायला ती विसरली नव्हती. आवाज तेवढा सपाट झाला होता आणि गरजेपेक्षा थोडा मोठा. ओठ वाचण्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बँकेच्या काचेपलीकडे दोन कारकून एकमेकांत काय कुजबुजले ते ती घरी येऊन सांगायची, आणि हसता हसता दोघा बहीणभावांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

संध्याकाळी सहाला चष्मेवाला घरी येई. साडेसहाला मालिका लागे. टीव्ही जुना, फुगीर काचेचा, डब्यासारखा. आणि त्याचा आवाज कायम बंद. ताईला जे मिळत नाही ते आपण एकट्यानं कशाला घ्यायचं, असं त्याला वाटे. असं तो इतरांना सांगे, निदान.

या आवाज बंद ठेवण्यातूनच खेळ सुरू झाला होता. मालिकेत एक मोठं घर, तीन भाऊ, त्यांच्या बायका आणि एक करारी आई. ती सगळी तोंडं हलवत, हातवारे करत, आणि चष्मेवाला मांडीवर वही घेऊन त्यांच्या तोंडी आपल्या मनाचे संवाद घालत जाई. डाव्या पानावर त्याचे संवाद, निळ्या शाईनं. मालिका संपली की वही ताईकडे जायची. ती वाचायची, आणि खरं काय बोलले ते सांगायची. ते उजव्या पानावर, लाल शाईनं. नियम एकच होता. त्यानं लिहून होईपर्यंत ताईनं तोंड उघडायचं नाही.

"थोरला म्हणतो, 'मी हे घर सोडून चाललो, आता मागे वळून बघणार नाही,'" ताई वाचायची. "चूक."

"मग काय म्हणाला?"

"माझे निळे मोजे कुठे गेले, म्हणाला."

"एवढा डोळ्यांत पाणी आणून?"

"मोज्यांचं दुःख तुला काय कळणार. तू वर्षभर एकच जोडी घालतोस."

खऱ्या संवादांतून काही निघत नसे. निघे ते चुकलेल्यांतून. घर सोडून चाललेला तो माणूस चष्मेवाल्याच्या डोक्यात फिरत राही, आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्याची गोष्ट होई. वर्षाला दोन-तीन गोष्टी एका मासिकात छापून येत. शाळेपलीकडे त्याला कुणी लिहायला शिकवलं नव्हतं. जे काही शिकवलं ते या मुक्या टीव्हीनं. नऊ वर्षांत चौदा वह्या भरल्या होत्या. प्रत्येकीवर तारखा घालून त्या लोखंडी कपाटात ओळीनं उभ्या होत्या, आणि चौदाही वह्यांत एकही संवाद बरोबर आलेला नव्हता. ताई म्हणे, "इतकं सातत्यानं चुकायलासुद्धा अक्कल लागते."

त्या दिवशी मालिकेत धाकटी सून पिशवी घेऊन दाराशी आली होती, आणि सासू तिला काहीतरी म्हणाली. चष्मेवाल्यानं लिहिलं, "थांब, आता संपतंच आहे."

लिहून झाल्यावर तो त्या शब्दांकडे जरा वेळ बघत बसला. हे आपण का लिहिलं, ते त्याला कळेना. मग त्यानं वही पुढे केली.

ताईनं वाचलं. हसली नाही.

"बरोबर," ती म्हणाली.

"काय?"

"बरोबर आलंय. अगदी शब्दाला शब्द." तिनं टीव्हीकडे बोट केलं. तिथं आता साबणाची जाहिरात चालू होती. "फक्त सासू नाही बोलली हे. ती मागची बाई बोलली. खिडकीतली."

२

चष्मेवाल्यानं खिडकीत कुणी बाई पाहिली नव्हती.

मालिकेच्या दिवाणखान्यात एक खिडकी होती खरी, सासूच्या खुर्चीमागे. दुसऱ्या दिवशी त्यानं वही बाजूला ठेवून नुसती खिडकीच पाहिली. बंद काच, दोन पडदे, बाहेर रंगवलेलं आभाळ.

"आहे का आज?" त्यानं ताईकडे तोंड करून विचारलं.

"आहे की. काच पुसतेय."

"कुठल्या बाजूनं?"

"आतल्या. तळहातानं. तुला दिसत नाही?"

तो विचार करणारा माणूस होता. त्यानं हिशोब मांडला. टीव्हीचा पडदा एवढा, त्यातली खिडकी आगपेटीएवढी, तिच्यातल्या बाईचं तोंड असलंच तर मुगाच्या दाण्याएवढं. त्या तोंडाचे ओठ सहा हातांवरून वाचता येणं शक्य नाही. ताईला तर नाहीच, कारण तिला लांबचं कमी दिसे आणि तिचा चष्मा तीन वर्षांचा जुना होता. म्हणजे दोष डोळ्यांत. डोळ्यांतला दोष हा तर आपल्याच धंद्यातला विषय, या विचारानं त्याला बरंच बरं वाटलं.

रविवारी तो तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी दिवा लावून आत पाहिलं, अक्षरांचा तक्ता वाचून घेतला.

"मोतीबिंदू नाही, काही नाही. नंबर तेवढा वाढलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "का हो, नसलेलं काही दिसतं म्हणतात का?"

"नाही, नाही," चष्मेवाला म्हणाला.

"असलेलंच दिसतं," ताई म्हणाली. तिनं डॉक्टरीणबाईंचे ओठ वाचले होते.

नवी भिंगं त्यानं स्वतः घासली. दुकानात त्याच्या हाताखालून हजारो चष्मे गेले होते, पण ताईचा चष्मा करताना तो दर वेळी मालकांचीसुद्धा सावली त्यावर पडू देत नसे. तिचे डोळे म्हणजेच तिचे कान.

नवा चष्मा घालून ताई टीव्हीसमोर बसली आणि समाधानानं म्हणाली, "आता कसं छान दिसतंय. मला वाटलं होतं त्याहून वयस्कर आहे रे ती."

मग ती त्याला रोज सांगू लागली. तो मालिकेचे संवाद लिही, ती ते चूक ठरवी, आणि शेवटी म्हणे, "आणि आपली बाई म्हणाली..." आपली बाई रोज एखादंच वाक्य बोले. "पायात चप्पल नाही त्याच्या." दोन दिवसांनी, "धावत आलेला दिसतो, दम लागलाय." मग, "एवढ्या थंडीत बाहेर उभा."

चष्मेवाल्याला ती बाई दिसत नव्हती, पण तिची वाक्यं त्याच्या आत कुठंतरी जाऊन बसत. मालिकेच्या भावांपेक्षा ती कितीतरी खरी होती. त्यानं तिच्यावर गोष्ट लिहिली. एका बाईला रोज आपल्या खिडकीबाहेर कुणीतरी उभं दिसतं आणि ती ते घरातल्यांना सांगते, पण घरातलं कुणी मान वळवत नाही. गोष्ट चार दिवसांत झाली. एरवी त्याला चार आठवडे लागत.

मासिकाच्या संपादकबाईंचा दुकानातल्या फोनवर फोन आला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

"हे कुठून सुचलं तुम्हाला?"

"टीव्हीवरून," चष्मेवाला खरं तेच बोलला.

"थट्टा नका करू. पण बाहेर कोण उभं आहे ते कळत नाही शेवटपर्यंत. दुसरा भाग लिहा. वाचक विचारतील."

त्या संध्याकाळी तो पाच मिनिटं आधीच टीव्हीसमोर जाऊन बसला. आपल्याला ओढ लागली आहे हे त्याला कळत होतं, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. लिहिणाऱ्याला कुठून ना कुठून मिळायला लागतंच.

मालिका संपली. ताईनं त्याची वही मांडीवर घेतली, पण वाचली नाही.

"आज काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

"म्हणाली, 'दवाखाना उघडा आहे अजून.'" ताईनं चष्मा वर सरकवला. "आता यात दवाखाना कुठून आला रे?"

३

चष्मेवाला उठून मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला.

आता इथं ते सांगायला हवं, जे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. चौदा वह्यांतही नव्हतं ते. अगदी पहिल्या, तारीख न घातलेल्या एका वहीत त्यानं एकदा चार ओळी लिहिल्या होत्या आणि ती वही कपाटात सगळ्यांच्या मागे, आडवी, ठेवून दिली होती.

तो बारा वर्षांचा होता. ताईला तीन दिवस ताप होता. वडील कामावर, दुसऱ्या गावी. चौथ्या दिवशी अंधारून येताना ताई काहीबाही बोलायला लागली, आणि आई त्याला म्हणाली, "जा, डॉक्टरांना घेऊन ये. धावत जा." तो अनवाणीच धावला.

दवाखाना रस्त्याच्या टोकाला होता. मध्ये एक घर होतं, साऱ्या वस्तीत पहिला टीव्ही आलेलं. थंडीमुळे त्यांची खिडकी बंद होती, पण काचेतून तो निळा उजेड रस्त्यावर पडला होता. आत टीव्हीवर एक माणूस घोड्यावरून उतरत होता आणि एक बाई त्याला काहीतरी विचारत होती. आवाज येत नव्हता. तो दम घ्यायला म्हणून थांबला. एक श्वास, दुसरा. मग त्याच्या लक्षात आलं, की आवाज येत नसला तरी काय बोलत असतील ते आपल्याला सुचतंय. असं त्याला पूर्वी कधी झालं नव्हतं. वाक्यामागून वाक्य सुचत गेलं. त्याच्या लिहिण्याची सुरुवात विचाराल तर ती तिथली.

मग त्या घरातली काकू खिडकीपाशी आली. वाफ धरलेली काच तिनं तळहातानं पुसली, त्याच्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. ते त्याला ऐकू आलं नाही. आणि टीव्हीतल्या माणसांच्या तोंडी तो शब्द घालत होता तसेच त्यानं तिच्याही तोंडी घातले. थांब, आता संपतंच आहे.

तो थांबला. संपेपर्यंत.

दवाखान्याला कुलूप होतं. डॉक्टर दूरच्या एका रोग्याकडे निघून गेले होते, ते सकाळी आले. ताईला तपासून आईला म्हणाले, "काल संध्याकाळी बोलावलं असतं तर." आईनं त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "दवाखाना बंद होता." ते खोटंही नव्हतं. त्या एका वाक्यावर तो एकोणचाळीस वर्षं उभा होता.

नळ बंद करून तो बाहेर आला. ताई त्याच्याकडेच बघत होती.

"चेहरा का असा झालाय?"

"डोकं दुखतंय."

"भिंगं घासून घासून दुसरं काय होणार," ती म्हणाली. "बस. मी चहा टाकते."

रात्रभर त्यानं स्वतःची समजूत घातली. ताई जुनी वही कधीतरी वाचून बसली असेल. पण दवाखाना उघडा होता हे वहीत नव्हतं. ते त्यालाही माहीत नव्हतं. तो खिडकीशी उभा असताना दवाखाना उघडा होता, आणि त्या काकूला तिच्या घरातून तो दिसत होता. हे फक्त त्या काकूला ठाऊक असणार, आणि ती जाऊनही वीस वर्षं झाली होती.

४

दुसऱ्या दिवशी त्यानं टीव्हीच्या मागची तार काढून ठेवली आणि टीव्ही बिघडला म्हणून सांगितलं.

साडेसहाला ताई खुर्ची ओढून बंद टीव्हीसमोर बसली. सवयीनं बसली असेल, असं समजून तो भाजी निवडत राहिला. थोड्या वेळानं त्यानं मान वर केली, तर ताई काचेकडे बघत होकार दिल्यासारखी मान हलवत होती.

त्यानं तिच्यासमोर जाऊन विचारलं, "काय करतेस?"

"सरक ना मधून." तिनं त्याला हातानं बाजूला केलं. "टीव्ही बिघडला तर बिघडला. तिचं काही अडत नाही. उलट बाकीच्यांची मधे मधे लुडबुड नाही."

त्यानं तार परत लावली. बंद काचेपेक्षा ते भाऊ आणि सुना बऱ्या. तार लावताना त्याला पडद्यावर एक डाग दिसला. तळहाताएवढा, पुसल्यासारखा अर्धगोल. काच पुसणं हा त्याचा धंदा. मऊ फडकं आणलं, पुसलं, श्वासाची वाफ देऊन पुन्हा पुसलं. डाग गेला नाही. मग, भिंगाचं बघतात तसं, त्यानं डोकं तिरपं करून उजेडात पाहिलं. डाग काचेच्या वर नव्हता. जाड काचेच्या पलीकडच्या अंगाला होता.

चष्मेवाला वाईट माणूस नव्हता. पण घाबरलेला माणूस काय करील सांगता येत नाही, आणि त्याच्या हातात एकच कला होती. ताईच्या चष्म्याचा स्क्रू सैल झाल्याचं निमित्त करून तो दुकानात नेला. मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि नवी भिंगं घासली. मुद्दाम कमी नंबराची. फार कमी नाही. माणसं दिसावीत, भिंत, रस्ता, गाडी दिसावी. ओठ तेवढे दिसू नयेत.

घासयंत्राच्या घरघरीत त्याला दोन-तीनदा वाटलं की कुणी पाठीमागून बोललं. वळून पाहिलं नाही.

"काय रे, कुणाचं काम?" मालकांनी बाहेरून विचारलं.

"घरचंच."

"घरच्यांचं काम नेहमी दुप्पट वेळ खातं तुझं."

संध्याकाळी ताईनं चष्मा घातला, इकडे तिकडे पाहिलं, डोळे बारीक केले.

"जरा धूसर वाटतंय."

तो काही बोलला. तिला कळलं नाही. पुन्हा बोलला. मग तिनं चष्मा काढला, दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरून आपल्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर आणला, लहानपणी धरायची तसा. "हं, आता बोल."

"नवीन आहे म्हणून," तो म्हणाला. "सवय होईल."

"होईलच," ताई म्हणाली. "तुझ्या हातचा आहे."

५

त्यानंतरचे दहा-बारा दिवस घर मुकं झालं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालता चालता होणारं बोलणं, थट्टा, बँकेतल्या कारकुनांच्या गोष्टी, सगळं थांबलं. काही सांगायचं तर चेहरा तिच्या हातांत द्यावा लागे, आणि तिच्या हातांत चेहरा द्यायला त्याला नको वाटे. तो चिठ्ठ्या लिहू लागला. ताई त्या नाकाशी धरून वाची. "दूध आलंय." "उशीर होईल." एकदा ती चिठ्ठी वाचून म्हणाली, "तुझे संवाद अगदीच कच्चे झालेत हल्ली."

खेळही थांबला. ताई टीव्हीसमोर बसे आणि तो पाठीमागे उभा राही. तिनं काही सांगितलं नाही, त्यानं काही विचारलं नाही. उपाय लागू पडला असं त्यानं ठरवून टाकलं. एका संध्याकाळी मात्र त्याला राहवेना. त्यानं चिठ्ठी लिहिली, "काही दिसतं का नीट?"

"नाही रे," ताई साधेपणानं म्हणाली. "सगळं पिठात बुडाल्यासारखं. ते तिघे भाऊ मला एकच वाटतात. तूही कळत नाहीस मला हल्ली." तिनं टीव्हीकडे बोट केलं. "ती तेवढी स्वच्छ दिसते. ती एकटीच."

चष्मेवाल्याच्या हातातली चिठ्ठ्यांची चवड खाली पडली.

हे होऊ शकत नाही. भिंगाला माणूस कळत नाही. एक धूसर तर सगळं धूसर. हे तो कुणालाही पटवून देऊ शकला असता, कागदावर रेघा काढून. त्यानं पुढे होऊन ताईच्या नाकावरून चष्मा काढला, आपला काढला आणि तिचा घातला.

खोली विरघळली. हे बरोबरच होतं. दार, खुर्ची, पांढरा ढग झालेली ताई. टीव्हीत रंगांचे ओघळ हलत होते, तेच ते भाऊ आणि त्या सुना. आणि त्या सगळ्या ओघळांच्या मधोमध, सुईनं टोचल्यासारखी रेखीव, एक खिडकी होती. तिच्या चौकटीचा उडालेला रंग त्याला दिसला. कडी दिसली. वाफ धरलेली काच दिसली. मग आतून एक तळहात आला आणि अर्धगोल फिरला.

चेहरा त्यानं पुरता पाहिला नाही. त्यानं फक्त ओठ पाहिले. ते हलत होते, सावकाश, पुन्हा पुन्हा, लहान मुलाला विचारावं तसे. त्याला ओठ वाचता येत नव्हते. इतक्या वर्षांत, घरात अशी बहीण असून, तो ते शिकला नव्हता. तो फक्त मनाचे शब्द घालत आला होता.

त्यानं चष्मा ओढून काढला आणि ताईच्या हातात दिला. तिनं तो शांतपणे घातला.

"काय विचारतेय?" तो म्हणाला. ताईला ते दिसणार नव्हतं, पण तिनं उत्तर दिलं.

"आता किती दिवस एकच विचारतेय. 'ताई कशी आहे?'" ती म्हणाली. "मला नाही विचारत. माझ्याकडे बघत पण नाही ती. तुला विचारतेय, धाकट्या."

म्हणजे हे विचारलं होतं तिनं. काचेआडून, त्या संध्याकाळी. हे ऐकू आलं असतं तर तो धावला असता. दवाखाना उघडा होता.

तो जमिनीवर बसला. वही घेतली. नऊ वर्षांचा नियम होता, आधी त्यानं लिहायचं. डाव्या पानावर, मोठ्या अक्षरांत, त्यानं सगळं लिहिलं. थांबल्याचं, संपेपर्यंत बघितल्याचं, आईला सांगितलेलं अर्धं खरं. खाली, नव्या भिंगांचंही. अक्षर मात्र त्यानं बिघडू दिलं नाही.

ताईनं चष्मा काढला, पान डोळ्यांशी नेलं आणि ओळ न ओळ वाचलं. टीव्हीचा उजेड तिच्या गालावर हलत होता. तिनं लाल पेन मागितलं. उजव्या पानावर एकच शब्द लिहिला आणि मग मोठ्यानं म्हणालीही.

"बरोबर."

त्यानं वाकून ते पान पाहिलं.

"तिनं मला हे गेल्या महिन्यातच सांगितलं," ताई म्हणाली. "मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. आधी तू लिहायचंस." तिनं वही मिटून त्याच्या मांडीवर ठेवली. "भिंगांचं मात्र तिनं सांगितलं नव्हतं. ते मला पहिल्या दिवशीच कळलं."

६

ताई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. चष्मेवाल्यानं लगेच दुसऱ्या दिवशी बरोबर नंबराची भिंगं घासून आणली. ताईनं तो चष्मा डबीत घालून कपाटावर ठेवला आणि धूसर चष्माच घालत राहिली. बोलणंही तिनं कमी केलं. कधी कधी तो पाहायचा, ती टीव्हीसमोर बसून ओठ हलवत असायची, पण त्यातून आवाज निघत नसे. इतकी वर्षं सपाट का होईना, मोठा का होईना, आवाज असायचा तिला.

संपादकबाईंना त्यानं दुसरा भाग पाठवला नाही. वही उघडलीच नाही त्यानं.

थंडी पडली. एक दिवस सकाळी ताईचं अंग कोमट लागलं. त्यानं कपाळावर हात ठेवला, तर तिनं तो बाजूला केला आणि दुकानात जा अशी खूण केली. घरी जायची वेळ झाली तरी तातडीच्या कामासाठी थांबावं लागलं, पण त्याचं त्यात लक्ष लागेना. दोन भिंगं फुटली. मालक म्हणाले, "जा बाबा घरी, आज तू माझं दिवाळं काढशील." त्यानं औषधांच्या दुकानातून तापाच्या गोळ्या घेतल्या आणि भराभर निघाला. आज थांबायचं नाही, डॉक्टरीणबाईंनाच विचारू कुणाला बोलवावं ते, असं तो स्वतःशी म्हणत होता. शेवटच्या वळणापासून तर तो धावलाच.

साडेसहा होऊन गेले होते. अंधारून आलं होतं, आणि त्यांच्या खिडकीच्या काचेतून निळा उजेड रस्त्यावर पडला होता. धावल्यामुळे त्याच्या स्वतःच्या चष्म्यावर वाफ धरली होती. तो काढून त्यानं खिशात ठेवला. खिडकीवरूनच दाराकडे जायचं होतं. चार पावलं.

काचेमागे ताई उभी होती. निदान कुणीतरी बाई उभी होती, आणि घरात दुसरं कोण असणार. तिनं तळहातानं काच पुसली. चष्म्याशिवाय त्याला हातभर लांबचं धड दिसत नसे, पण तिच्या बोटांवरच्या रेघासुद्धा त्याला दिसत होत्या.

तिच्या खांद्यावरून आतली खोली दिसत होती, धूसर. टीव्ही चालू होता. टीव्हीसमोर खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीवरून ताईचं डोकं दिसत होतं, पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा, आणि ते डोकं एका बाजूला कललं होतं. झोप लागलेल्या माणसाचं कलतं तसं. किंवा तसं नव्हे.

त्याच्या एका हातात गोळ्या होत्या, दुसऱ्या हातात किल्ली. आत जायला हवं होतं. त्याला माहीत होतं की आत जायला हवं. आणि खिडकीतली बाई काय विचारते आहे तेही त्याला आता माहीत होतं, ताईनं ते वाचून सांगितलं होतं, त्यात शंकेला जागा नव्हती.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलू लागले. काचेतून आवाज येत नव्हता. आणि जन्मभराच्या सवयीनं, त्याला थांबवता येण्याआधी, त्याच्या मनानं तिच्या तोंडी शब्द घातले.

थांब, आता संपतंच आहे.

चष्मेवाला थांबला.